दुसरा गाल पुढे करणं म्हणजे गप्प बसणं का?

बावखल (वसई)

उपवासकाळात आमच्या धर्मग्रामात बायबल वाचनाचा गट बसतो. यंदा मत्तयच्या शुभवर्तमानातलं डोंगरावरचं प्रवचन घेतलंय. पाचव्या अध्यायापाशी आलो आणि तरुण मुलांनी तोंडावर विचारलं, "कोणी एका गालावर मारली तर दुसरा पुढे करायचा, अंगरखा मागितला तर पांघरूणही द्यायचं. मग ज्यांनी रातोरात भराव टाकून बावखलं, म्हणजे आमची गोड्या पाण्याची तळी, बुजवली, त्यांना आता वाडीपण द्यायची का?" प्रश्न रास्त आहे. चर्चा तासाभरात आटोपण्यासारखी नव्हती, म्हणून हा धागा काढतेय. ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहावं, किंबहुना त्यांनी नक्कीच लिहावं.

आधी माझं म्हणणं मांडते. येशू तिथे तीन उदाहरणं देतो आणि तिन्हींत मार खाणारा, लुबाडला जाणारा माणूस गरीब आहे. पहिल्यात तो मुद्दाम "उजव्या गालावर" म्हणतो. समोरच्याने उजव्या हाताने मारली तर ती डाव्या गालावर बसते. उजव्या गालावर बसायची असेल तर हात उलटा फिरवावा लागतो. वॉल्टर विंक हे अमेरिकन धर्मपंडित यावरून म्हणतात की ही बरोबरीच्या माणसांतली मारामारी नव्हे. मालक गुलामाला जागा दाखवण्यासाठी मारतो तशी ही चपराक आहे. दुसरा गाल पुढे करणारा पळत नाही, हात उचलत नाही आणि मानही खाली घालत नाही. "मारायचंच असेल तर मला बरोबरीचा समजून मार" असं तो सांगतोय.

अंगरख्याचंही तसंच. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात नियम आहे: गरिबाचं पांघरूण गहाण ठेवून घेतलं तर सूर्य मावळायच्या आत परत करा, त्याला रात्री अंगावर घ्यायला दुसरं काही नसतं. सावकार कोर्टात अंगरख्यापर्यंत आला, तर येशू म्हणतो पांघरूणही काढून दे. म्हणजे भर कोर्टात उघडा उभा राहा आणि सावकारी कुठवर गेलीय ते सगळ्यांना बघू दे. तिसरं उदाहरण एका कोसाच्या वेठीचं आहे. रोमन शिपाई रस्त्यावरच्या कोणालाही धरून ओझं वाहायला लावत. क्रूस वाहायला शिमोन कुरेनेकराला धरलं तेही वेठीनेच. आपण होऊन दुसरा कोस चालणाऱ्यापुढे शिपाईच बुचकळ्यात पडतो, कारण आता हुकूम त्याचा उरला नाही.

हे सगळं कोणाला ओढूनताणून लावलेलं वाटलं तर योहानाचा अठरावा अध्याय वाचा. हन्ना या माजी मुख्य याजकासमोर चौकशी चालू असताना एक शिपाई येशूला चपराक मारतो. तेव्हा तो दुसरा गाल पुढे करत नाही आणि गप्पही बसत नाही. तो विचारतो: मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? हात बांधलेल्या माणसाने मारणाऱ्याकडे जाब मागितला आहे. माझ्या मते डोंगरावरच्या प्रवचनातल्या त्या ओळींवर सगळ्यात चांगलं भाष्य हेच, खुद्द बोलणाऱ्याने केलेलं.

वसईकरांना हे पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. १९८०च्या दशकाच्या शेवटी शेतजमिनीवर इमारती उठायला लागल्या, विहिरींचं पाणी टँकरने जाऊ लागलं आणि दहशत एवढी की नाव घ्यायला माणसं घाबरत. तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे कॅथलिक धर्मगुरू आणि 'सुवार्ता' मासिकाचे संपादक त्यात पुढे होते. बरोबर सगळ्या जातिधर्मांची माणसं होती. मोर्चे, सभा, धरणं, कोर्ट, लेखणी ही त्यांची हत्यारं. फादरांना धमक्या आल्या तरी ते बोलायचे थांबले नाहीत. २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा महाराष्ट्राने त्यांना साहित्यिक म्हणून पाहिलं. आमच्यासाठी ते आधी रस्त्यावर उतरलेले फादर होते. २०२४च्या जुलैमध्ये ते गेले.

वसई पूर्ण वाचली का? नाही. नालासोपाऱ्याला उतरून बघा. पण जी हिरवी पट्टी अजून टिकून आहे तिच्यात त्या माणसांच्या चालण्याचा वाटा आहे.

आपापल्या गावचं लिहा. आणि मतभेद असतील तर ते आधी लिहा.

---

रत्नदुर्ग (रत्नागिरी)

उत्तम धागा, ताई. मी हिंदू घरातला, पण डोंगरावरचं प्रवचन आमच्या घरी गांधींमुळे आलं. लंडनमध्ये शिकत असताना त्यांनी ते वाचलं आणि ते थेट काळजाला भिडलं असं त्यांनीच लिहून ठेवलंय. दक्षिण आफ्रिकेत १९०८ साली त्यांच्यावर हल्ला झाला तेव्हा जोसेफ डोक नावाच्या बाप्टिस्ट पाद्र्याने त्यांना स्वतःच्या घरी नेऊन शुश्रूषा केली. पुढे गांधींचं पहिलं चरित्र लिहिलं तेही याच डोकनी.

आणि आमच्या रत्नागिरीच्या तुरुंगातली गोष्ट सांगतो. अप्पासाहेब पटवर्धन, ज्यांना आपण कोकणचे गांधी म्हणतो, त्यांनी १९३२ साली तुरुंगात भंगीकाम करू द्यावं म्हणून मागणी केली. सरकार म्हणालं, ते काम वरच्या जातीच्या कैद्याला देता येत नाही. अप्पांनी अन्न कमी केलं, त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधींनी उपोषण धरलं आणि सरकारला विचार करावा लागला. संडास साफ करण्याचा हक्क मागण्यासाठी माणूस उपाशी राहतो, हा मला दुसऱ्या कोसासारखाच प्रकार वाटतो.

---

सडा (राजापूर)

मतभेद आधी लिहा म्हणालात म्हणून स्पष्ट लिहितो. बायबलात काय आहे हा एक भाग आणि चर्चने काय केलं हा दुसरा. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० ते १८१२ चाललं. वसईत पोर्तुगीज १५३४ ते १७३९ होते, तेव्हा देवळं कोणी पाडली? पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राज्यात गोव्यातली धर्मसत्ता कोणाच्या बाजूने उभी होती? रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात लिहिलंय की प्रत्येकाने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावं, कारण अधिकार देवाने नेमलेले आहेत. जगभर राजांनी हाच अध्याय वाचून दाखवला.

आणि शेवटी गोवा सुटला तो डिसेंबर १९६१ मध्ये सैन्य गेलं तेव्हा. सत्याग्रहींनी गोळ्या खाल्ल्या, पण सालाझारला पाझर फुटला नाही. अहिंसा ही समोरच्याला लाज असेल तरच चालते, हे माझं ठाम मत आहे.

---

बावखल (वसई)

सडादादा, इतिहासाबद्दल तुम्ही लिहिलंय त्यातलं एक अक्षरही मी नाकारत नाही. आमच्या घरात हा इतिहास आहे, आमची आडनावं तो रोज सांगतात. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय आहे, तसा प्रेषितांच्या कृत्यांचा पाचवाही आहे. न्यायसभेने बोलायला बंदी घातली तेव्हा येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. ज्या पौलाने "अधीन राहा" लिहिलं तो कितीदा तुरुंगात गेला तेही बघा. चर्च सत्तेच्या मांडीवर बसलं तेव्हा रोमकरांसचा तेरावा वाचला गेला. मला कृत्यांचा पाचवा वाचणाऱ्यांबद्दल बोलायचंय. गोव्याचं कोणी सविस्तर लिहील का?

---

आरोंदेकर (सावंतवाडी तालुका)

मी लिहितो. आमच्या गावापासून तेरेखोलचा किल्ला लांब नाही. गोव्याचा तो एवढासा तुकडा नदीच्या उत्तरेला, म्हणजे आपल्या बाजूला आहे. किल्ल्यात सेंट अँथनीचं चर्च आहे. आता लोक तिथे सूर्यास्त बघायला जातात.

१५ ऑगस्ट १९५४. त्या वर्षी भारत सरकारने फक्त गोमंतकीय सत्याग्रहींनाच हद्द ओलांडू दिली होती. एक तुकडी तेरेखोलात शिरली, किल्ल्यावर तिरंगा लावला. हातात शस्त्र नव्हतं. तुकडीचा म्होरक्या आल्फ्रेड आफोन्सो. सगळे पकडले गेले, तुरुंगात गेले. त्या काळात नॅशनल काँग्रेस गोवाचे अध्यक्ष पीटर अल्वारिस होते, मुंबईत कामगार चळवळीत वाढलेले समाजवादी. त्याच्या आधी १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांनी सभा घेतली तेव्हा त्यांना गोव्यात बोलावून घेणारे डॉ. ज्युलियाव मिनेझिस, असोळण्याचे. आणि १९२८ पासून गोवा काँग्रेस कमिटी चालवणारे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा. त्यांना तर पकडून पोर्तुगालच्या तुरुंगात ठेवलं होतं.

ही नावं महत्त्वाची का? सालाझार जगाला सांगत होता की गोवा म्हणजे पूर्वेकडचं कॅथलिक घर आहे आणि भारत ते गिळायला टपलाय. आफोन्सो, अल्वारिस, मिनेझिस ही माणसं समोर उभी राहिली की हा दावा तिथेच कोसळायचा. १९५५ मध्ये नेहरू रोमला जाऊन पोप पायस बारावे यांना भेटले आणि गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नाही हे पोपनाही मान्य असल्याचं त्यांनी सांगितलं.

सडा, आता तुमच्या मुद्द्यावर. १५ ऑगस्ट १९५५ ला हजारो सत्याग्रही हद्दीवर गेले. पत्रादेवीला पंजाबच्या कर्नैलसिंगांना गोळी लागली, ते तिथेच गेले. आमच्या घरातली जुनी माणसं सांगत, बांद्याच्या बाजूला त्या दिवशी जखमी माणसांना खांद्यावर घेऊन आणत होते. सैन्य सहा वर्षांनी गेलं, हे खरं. पण सैन्य छत्तीस तासांच्या आसपास काम उरकून मोकळं झालं, कारण आत लढायला जनता उभी नव्हती. पोर्तुगीज राज्य आपलं नाही हे गोव्याच्या घराघरात पोचवण्याचं काम आधीच झालं होतं, आणि ते या निःशस्त्र माणसांनी केलं होतं. सैन्याचं श्रेय सैन्याला द्या, त्यांचं त्यांना द्या.

---

रापणकार (मालवण)

मी फारसा लिहिणारा नाही. ख्रिस्ती, मासेमारीचं घर. आमच्याकडे हा प्रश्न पुस्तकाचा नाही, रोजचा आहे.

परराज्यातल्या मोठ्या बोटी, पर्ससीनवाले (मोठ्या जाळ्याने अख्खा थवा घेरणारे), रात्री समुद्रात दिवे लावून मासळी ओढणारे. एलईडी मासेमारीवर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे, तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसतो. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून हाताने ओढायच्या जाळ्याला, काय उरतं? कधी कधी जाळं ओढून वर काढलं की ओढणाऱ्यांना वाटायलाही पुरत नाही. माझो झील म्हणालो, "पप्पा, एक बोट पेटवूया, मगे बघा कशे गप रवतत ते." त्याचा राग खोटा नाही. त्याला दुसरा गाल कसा सांगू?

मी त्याला माथानी साल्ढाणांचं सांगितलं. गोव्यातले शाळामास्तर. १९७०च्या दशकात ट्रॉलर किनाऱ्यालगत घुसले तेव्हा रापणकारांना त्यांनी एकत्र आणलं. समुद्रात हाणामाऱ्याही झाल्या, ते लपवत नाही. पण सरकार हललं ते मोर्चांनी, उपोषणांनी आणि माणसं एकत्र राहिली म्हणून. १९८० साली गोव्यात सागरी मासेमारीचा कायदा झाला, किनाऱ्यापासून पाच किलोमीटर ट्रॉलरला मनाई. तिकडे केरळात फादर थॉमस कोचेरी, पावसाळ्यात ट्रॉलर बंद ठेवा म्हणून वर्षानुवर्षं लढले. उपोषणं, रस्ता अडवणं, जेल. १९८८ पासून केरळात पावसाळी बंदी लागू झाली. आज आपण १ जून ते ३१ जुलै बोटी वर ओढून ठेवतो, माशाला अंडी घालायला वेळ मिळतो, त्यामागे ती लढाई आहे. १९८९ मध्ये पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरून चालत मच्छीमार कन्याकुमारीला गेले. तिथे पोलिसांनी गोळीबार केला.

पोरगा ऐकून घेतो. पण त्याचा प्रश्न असा, की ते फादर होते, नेते होते. आम्ही वीस-पंचवीस पोरं, समोर बोटीवरून बाटल्या आणि दगड येतात, तेव्हा हात कसा आवरायचा ते कोण शिकवणार? याचं उत्तर माझ्याकडे नाही.

---

हर्णैकर (दापोली)

रापणकारदादा, तुमच्या मुलाचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे. मी प्रॉटेस्टंट, शिक्षणाला नागपूरला होतो, म्हणून एक नाव सांगतो: जेम्स लॉसन.

अमेरिकेतला काळा मेथडिस्ट तरुण. कोरियाच्या युद्धासाठी सक्तीची भरती चालू असताना, ख्रिस्ती म्हणून मी मारायला जाणार नाही असं सांगून त्याने तुरुंगवास पत्करला. सुटल्यावर १९५३ मध्ये मिशनतर्फे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला. गांधींच्या सोबत्यांना भेटला, सत्याग्रहाचा अभ्यास केला. माँटगोमेरीत काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्याने नागपूरच्या वर्तमानपत्रात वाचली. तो बहिष्कार ३८१ दिवस चालला. १९५६ मध्ये लॉसन परतला, पुढच्या वर्षी मार्टिन ल्यूथर किंगना भेटला. किंग म्हणाले, थांबू नका, लगेच दक्षिणेत या.

तो नॅशव्हिलला गेला आणि एका चर्चमध्ये कार्यशाळा सुरू केल्या. नीट ऐका, कारण तुमच्या मुलाला हेच हवंय. विद्यार्थ्यांचे दोन गट करायचे. एक गट गोऱ्या गुंडांचं सोंग घ्यायचा. दुसरा हॉटेलात बसल्यासारखा खुर्च्यांवर. पहिल्या गटाने शिव्या द्यायच्या, अंगावर थुंकायचं, सिगारेटचा धूर तोंडावर सोडायचा, खुर्चीवरून खाली ओढायचं. दुसऱ्याने हात उचलायचा नाही, पण नजरही चोरायची नाही. खाली पाडलं तर डोकं कसं झाकायचं, शेजारच्याला जास्त मार बसत असेल तर मध्ये आपलं अंग कसं घालायचं, हे पुन्हा पुन्हा करून बघायचं. ज्याला जमणार नाही त्याला दुसरं काम द्यायचं, फोन सांभाळणं, जेवण पोचवणं. त्यात कमीपणा मानायचा नाही.

१३ फेब्रुवारी १९६० ला ती मुलं फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या दुकानांतल्या खानावळींत जाऊन बसली. मार खाल्ला, अटक झाली, एक तुकडी उचलली की दुसरी येऊन त्याच खुर्च्यांवर बसायची. सोबतीला शहरातल्या काळ्या लोकांनी बाजारातली खरेदी बंद केली, ते विसरू नका. एप्रिलमध्ये त्यांच्या वकिलाच्या घरावर बाँब टाकला गेला. त्याच दिवशी हजारो माणसं शांतपणे चालत महापौरापाशी गेली. डायान नॅश या कॅथलिक घरातल्या मुलीने त्यांना सरळ प्रश्न विचारला: केवळ कातडीच्या रंगावरून माणसाला वेगळं वागवणं तुम्हाला माणूस म्हणून योग्य वाटतं का? महापौर नाही म्हणाले. १० मे रोजी त्या खानावळी सगळ्यांना खुल्या झाल्या.

लोक अहिंसेला स्वभाव समजतात. लॉसन ती कवायतीसारखी शिकवत होता. शिपायाला बंदूक चालवायला महिनोन्महिने शिकवतात, मग हात आवरायला शिकवल्याशिवाय तो आपोआप आवरेल अशी अपेक्षा का करायची?

---

चवदार (महाड)

मी बौद्ध आहे. महाडचा आहे. माझी तक्रार अशी की "अहिंसा" हा शब्द ज्याच्यावर अन्याय होतो त्यालाच का ऐकवला जातो?

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. नगरपालिकेने तळं आधीच खुलं केल्याचा ठराव होता, म्हणजे ते कायद्याने जे आमचं होतं तेच घेत होते. त्यानंतर गावात आमच्या माणसांवर लाठ्यांनी हल्ला झाला. आमची माणसं संख्येने जास्त होती, त्यांतले कित्येक सैन्यात राहून आलेले. बाबासाहेबांनी त्यांना उलटा हल्ला करू दिला नाही, पोलिसांत तक्रारी नोंदवल्या. पुढे कोर्टात दहा वर्षं लढाई झाली आणि १९३७ मध्ये हायकोर्टाने तळं सगळ्यांचं असल्याचा निकाल दिला. ती शिस्त कमजोरीतून आली नव्हती. डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना तेव्हा फत्तेखान यांनी दिली, हेही महाडकरांनी लक्षात ठेवावं.

मला ख्रिस्ती मित्रांना विचारायचंय. धर्मांतर केलेल्या दलित कुटुंबांना राष्ट्रपतींच्या १९५०च्या आदेशामुळे अनुसूचित जातीचा दर्जा नाही. शिखांना १९५६ मध्ये मिळाला, बौद्धांना १९९० मध्ये. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. त्यांच्यासाठी तुमच्या देवळांतून किती मोर्चे निघाले? आणि सोयरीक जुळवताना तुमच्यात जात बघत नाहीत का? स्वतःच्या दारातल्या अन्यायासमोर उभं राहणं बिल्डरसमोर उभं राहण्यापेक्षा अवघड असतं.

---

बावखल (वसई)

चवदारदादा, बघतात. कुपारी, वाडवळ, कोळी, सगळं बघतात. लग्नाच्या गोष्टी निघाल्या की बायबल कपाटात जातं. तुमची पोस्ट मी गटात जशीच्या तशी वाचून दाखवणार आहे.

---

एक वाचक

नेहमीचं नाव न वापरता लिहितेय. तुम्ही सगळे सरकार, बिल्डर, बोटीवाले यांच्याबद्दल बोलताय. माझ्या बाबतीत दुसरा गाल हा स्वयंपाकघरातला होता. नवरा मारायचा. मी ज्यांच्याकडे धीर मागायला गेले त्यांनी मला हेच वचन वाचून दाखवलं. क्रूस उचल म्हणाले, प्रार्थना कर म्हणाले, तुझ्या सोसण्याने तो बदलेल म्हणाले. तो बदलला नाही. मी माहेरी निघून आले तेव्हा मला सांगितलं गेलं की माझी श्रद्धा कमी पडली.

अहिंसक प्रतिकार वगैरे वाचायला छान वाटतं. मला एवढंच विचारायचंय, मी घर सोडलं ते येशूच्या शिकवणीविरुद्ध होतं का?

---

बावखल (वसई)

नाही. आधी हे एकच अक्षर लिहिते, बाकीचं नंतर.

बाय, नासरेथच्या लोकांनी येशूला कड्यावरून ढकलायला नेलं तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. लूकच्या चौथ्या अध्यायात आहे. त्याचा जीव घ्यायला टपले तेव्हा तो कित्येकदा बाजूला झाला, यार्देनेच्या पलीकडे गेला. यरुशलेमला तो गेला ते स्वतः ठरवून, कोणी कोंडून ठेवलं म्हणून नव्हे. ज्याला निवडायला जागाच नाही, त्याच्या सोसण्याला क्रूस म्हणणं हा क्रूसाचा अपमान आहे.

आल्फ्रेड आफोन्सो तेरेखोलला गेला तो साथीदारांसह, सगळ्यांच्या देखत. नॅशव्हिलची मुलं दिवसाढवळ्या, शेजारी शेजारी बसली. बंद दाराआड एकटीने मार खाणं यातलं काहीच नाही. तिथे कोणी बघत नाही, कोणाला लाज वाटत नाही, मारणाऱ्याचा हात फक्त सैल होत जातो. तुम्ही दार उघडून बाहेर आलात, तिथे तुमचा प्रतिकार सुरू झाला. तुम्ही त्याला "मला का मारतोस" हे विचारलंत, आणि उत्तर नव्हतं म्हणून निघालात.

२००५चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. त्यात संरक्षणाचा आदेश, राहत्या घराचा हक्क, पोटगी सगळं मागता येतं. जिल्ह्याला संरक्षण अधिकारी असतात. तक्रार करणं म्हणजे सूड नव्हे. क्षमा करायची की नाही आणि कधी करायची हे फक्त तुम्ही ठरवायचं. दुसरं कोणीही नाही, वचन वाचून दाखवणारे तर मुळीच नाहीत.

---

सडा (राजापूर)

वरची पोस्ट वाचून दोन दिवस लिहिलं नाही. ताई, तुम्ही योग्य उत्तर दिलंत.

माझा मूळ आक्षेप मात्र तसाच आहे. बॉनहोफर हा जर्मन पाद्री. अहिंसेकडे ओढा असलेला, गांधींना भेटायला यायचं ठरवलेला. शेवटी तोच हिटलरविरुद्धच्या कटात सामील झाला आणि ९ एप्रिल १९४५ ला फासावर गेला. म्हणजे त्यालाही कळलं ना, की समोर राक्षस असेल तर प्रार्थनेने भागत नाही?

---

हर्णैकर (दापोली)

बॉनहोफरला कमी लेखायची माझी हिंमत नाही. पण त्याच युद्धात फ्रान्सच्या डोंगरातलं ल शाँबों हे गाव बघा. आंद्रे त्रोकमे हा तिथला पाद्री. जून १९४० मध्ये फ्रान्सने हार मानली, दुसऱ्याच दिवशी त्याने प्रवचनात सांगितलं की आपण आत्म्याच्या हत्यारांनी विरोध करायचा. मग त्या परिसरातल्या शेतकऱ्यांनी, शाळांनी, पाहुणघरं चालवणाऱ्यांनी मिळून हजारो निर्वासितांना, मुख्यतः ज्यूंना आणि त्यांतल्या कित्येक मुलांना, घरात लपवलं. खोटी कागदपत्रं केली, काहींना स्वित्झर्लंडला पोचवलं. समोर तोच राक्षस होता. त्रोकमेच्या नात्यातला दानिएल मुलांबरोबर पकडला गेला आणि छावणीत मेला. किंमत तिथेही मोजावी लागली. कटाने हिटलर मेला नाही, गावाने मुलं वाचवली. यावरून मी नियम काढत नाही, पण "राक्षसासमोर चालत नाही" असा नियमही काढता येत नाही, इतकंच.

आणि नजीकचं उदाहरण हवं तर २००३चं, यादवी युद्धातलं लायबेरिया. लेमा बोवी या ल्यूथरन बाईने ख्रिस्ती आणि मुसलमान बायकांना एकत्र आणलं. पांढरे कपडे घालून त्या मासळीबाजाराजवळच्या मैदानात उन्हापावसात बसल्या. घानात शांततेची बोलणी रेंगाळली तेव्हा त्यांनी सभागृहाची दारंच अडवली, तोडगा निघेपर्यंत कोणाला बाहेर सोडणार नाही म्हणाल्या. ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलरने खुर्ची सोडली.

---

सडा (राजापूर)

ल शाँबोंचं माहीत नव्हतं. वाचतो. सैन्याबद्दलचं माझं मत कायम आहे.

---

रापणकार (मालवण)

मासळीबाजारातल्या बायकांचं माझ्या बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आमका आधी कोणी इचारल्यानी? पुढच्या बैठकीक बायको पण येतली.

हर्णैकर, ती कवायत तुम्ही येऊन घ्याल का? नारळी पौर्णिमेच्या आधी, बोटी वर आहेत तोवर. पोरं मोकळी असतात. आमच्याकडे मुसलमान आणि गाबीत पोरंपण आहेत, त्यांना चालेल ना?

---

हर्णैकर (दापोली)

सगळ्यांना घेऊनच करायची, नाहीतर उपयोग नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. मोठी पडवी किंवा शाळेचा वर्ग बघून ठेवा, खुर्च्या लाकडी नकोत, ढकलाढकलीत लागतात. मोबाईलवर चित्रीकरण करणारी दोन मुलं वेगळी निवडा, त्यांना तेवढंच काम. मत्स्य खात्याकडे आजवर दिलेल्या तक्रारींच्या पोचपावत्या एका फायलीत लावा, तारखेप्रमाणे. आणि तुमच्या मुलाला सांगा, गुंडाचं सोंग पहिल्यांदा त्याने घ्यायचं.